वर्तुळ अंड्यासारखे का आले

माझ्या कपाटात पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळून ठेवलेला ग्राफचा एक मोठा कागद आहे. त्यावरची बारीक घरे लाल पोस्टर रंगाने एकेक करून भरलेली आहेत आणि त्या भरलेल्या घरांतून एक वर्तुळ व वर्तुळाच्या आत कमळाच्या सोळा पाकळ्या उमटतात. टेक्स्टाइल डिझाइन हा विषय घेऊन मी ललित कलेची पदवी घेत होते, तेव्हा तिसऱ्या वर्षी केलेले हे काम. कंपासने आखलेले ते वर्तुळ कागदावर बिनचूक होते. परीक्षकांनी त्याला चांगले गुण दिले आणि वार्षिक प्रदर्शनात भिंतीवर लावण्यासाठीही ते निवडले गेले. तेच वर्तुळ सोलापुरात मागावर चढले, तेव्हा मात्र अंड्यासारखे उभट होऊन बाहेर आले. ते तसे का आले, याचे उत्तर मला दाजी पेठेतल्या एका अरुंद जिन्यावरच्या खोलीत मिळाले. आता मी स्वतः सोलापुरात डिझाइन शिकवते आणि त्या उत्तराकडे मला दर वर्षी नव्याने जावे लागते.

बारावीचे निकाल लागले की ओळखीतले, ओळखीच्या ओळखीतले पालक मुलांना घेऊन घरी येतात. मुलगा किंवा मुलगी अवघडून खुर्चीच्या कडेला बसते, आई पिशवीतून चित्रांच्या वह्या काढून टेबलावर ठेवते आणि मग तो प्रश्न येतो : "ताई, चित्रे चांगली काढते हो ही, पण चार वर्षे नुसती चित्रेच काढायला शिकवतात का?" या प्रश्नाला मी कधीही हसत नाही. तो अगदी रास्त प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहिते आहे.

महाराष्ट्रातल्या शाळांतून चित्रकलेच्या वाटेला लागलेल्या बहुतेकांची सुरुवात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन ग्रेड परीक्षांनी होते. कलासंचालनालयाच्या या परीक्षांमुळे लहान गावातल्या मुलांच्या हातातही टी-स्क्वेअर आणि सेटस्क्वेअर येतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. स्मरणचित्र, कर्तव्यभूमिती, अक्षरलेखन अशा पेपरांबरोबर संकल्पचित्राचा एक पेपर असतो. 'डिझाइन' या शब्दासाठी आपल्या शाळांनी वापरलेला हा शब्द मला मूळ शब्दापेक्षा नेमका वाटतो, कारण त्यात संकल्प आहे. काय करायचे आहे ते आधी मनाशी ठरवणे आणि मग हात चालवणे, हा क्रम त्या एका शब्दात आलेला आहे. दुर्दैवाने शाळेत संकल्पचित्र म्हणजे चौकोनात बसवलेली फुले आणि पाने एवढाच अर्थ उरतो. मलाही तेवढाच ठाऊक होता. पदवीच्या प्रवेश परीक्षेत वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र असे ओळखीचेच विषय आले, मी उत्तीर्ण झाले आणि सोलापूर सोडून मोठ्या शहरातल्या महाविद्यालयात गेले.

पहिले वर्ष फाउंडेशनचे असते. पुढे कोणी रंगकला घेवो, शिल्प घेवो, उपयोजित कला घेवो की वस्त्र, या वर्षी सगळे एकत्र बसतात. द्विमित संकल्पन, त्रिमित संकल्पन, रंग, अक्षर, निसर्गाभ्यास, वस्तूंचे रेखाटन असा तो अभ्यासक्रम असतो. कलाशिक्षणातल्या या पायाभूत वर्षामागची कल्पना जर्मनीतल्या वायमार येथे 1919 साली सुरू झालेल्या बाउहाउस या संस्थेच्या प्राथमिक वर्गाशी जोडलेली आहे. विद्यार्थ्याने एखाद्या कसबात शिरण्यापूर्वी आकार, रंग आणि वस्तूचा गुणधर्म यांच्याशी आधी मोकळेपणाने ओळख करून घ्यावी, असा त्या वर्गाचा हेतू होता. त्या संस्थेत विणकामाची मोठी कार्यशाळा होती आणि पुढे विसाव्या शतकातल्या अग्रगण्य वस्त्रकलावंतांत गणल्या गेलेल्या ॲनी आल्बर्स तिथेच विणायला शिकल्या, ही माहिती मला दुसऱ्या वर्षी कलेतिहासाच्या तासाला मिळाली. ज्या शहरात मागाचा खटखटाट ऐकत मी लहानाची मोठी झाले, त्या शहराचा धंदा जगातल्या एका मोठ्या कलाशाळेत सन्मानाने शिकवला जात होता, हे ऐकून मी त्या दिवशी घरी लांबलचक पत्र लिहिले होते.

फाउंडेशनच्या वर्षातला सर्वांत कंटाळवाणा वाटलेला पाठ म्हणजे काळ्या कागदाचे आकार कापून पांढऱ्या कागदावर मांडणे. महिनाभर आम्ही तेवढेच करत होतो. आकाराइतकेच आकाराभोवतीच्या मोकळ्या जागेलाही रूप असते, हे शिक्षक रोज सांगत. आम्ही माना डोलवत होतो आणि मनातून रंगांची वाट पाहत होतो. पण वर्ष संपेपर्यंत डोळ्यांना एक खोड लागली. खिडकीच्या गजांपेक्षा गजांमधल्या फटी आधी दिसू लागल्या, माणसाने कमरेवर हात ठेवला की हाताच्या आतला त्रिकोण दिसू लागला. चित्रे काढायला शिकवतात म्हणजे काय, याचे माझे पहिले उत्तर हे आहे : पाहायला शिकवतात, आणि ते रोज सहा-सहा तास बसून, चुकीचे काढून, खोडून, पुन्हा काढून शिकावे लागते. भिंतीवर सगळ्यांची कामे एका रांगेत लावून शिक्षक एकेका कामावर बोलत, तेव्हा आपल्या कामातली खोट चाळीस जणांसमोर ऐकून घेण्याचीही सवय लागली. पहिल्या सहामाहीत त्या भिंतीसमोरून परत जाताना मी कितीतरी वेळा रडले आहे. आज माझे विद्यार्थी रडतात तेव्हा मी त्यांना पाणी देते आणि काम पुन्हा भिंतीवर लावायला सांगते.

रंगाच्या बाबतीत मात्र मला जे शिकवले गेले, त्यातला निम्मा भाग पुढे बदलावा लागला. पोस्टर रंगात निळा आणि पिवळा मिसळला की हिरवा होतो, हे बालवाडीतले मूलही सांगेल. सुताचे तसे नसते. निळा ताणा (उभे धागे) आणि पिवळा बाणा (आडवा जाणारा धागा) एकमेकांत विणले की दोन्ही रंग शेजारी शेजारी बारीक ठिपक्यांसारखे राहतात आणि लांबून डोळा त्यांची सरासरी काढतो. मग हाती येतो तो ताजा हिरवा नव्हे, तर करडेपणाकडे झुकणारा, विटका हिरवा. लाल आणि हिरवे सूत विणले तर जवळून भडक दिसणारे कापड दहा पावलांवरून मातकट दिसते. रंगचक्र कितीही सुबक रंगवले, तरी हे कागदावर कळत नाही. त्यासाठी सहा रंगांच्या ताण्यावर तेच सहा रंग बाण्यात घालून छत्तीस चौकोनांचे एक फडके विणून पाहावे लागते. माझ्या महाविद्यालयात मागाची एक खोली होती आणि तिला बहुतेक वेळ कुलूप असे. आठवड्यातून एक तास ती उघडली जायची, त्या एका तासात पंधरा जणांनी एका हातमागाभोवती उभे राहायचे आणि बाकीचा सगळा आठवडा कागदावर नक्षी रंगवायची, अशी आमची पद्धत होती. तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नाही. आज वाटते, आणि ते मी स्पष्टपणे लिहिते : विणायचे कापड ज्यांना शिकवायचे आहे, त्यांच्यापासून माग कुलपात ठेवणे हा त्या विद्यार्थ्यांवर अन्याय आहे.

तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मी कमळाचा तो ग्राफ घेऊन सोलापुरात आले. प्रदर्शनात कौतुक झालेली नक्षी खरोखरच विणून पाहावी, अशी माझी इच्छा होती. वडिलांच्या ओळखीने मी दाजी पेठेतल्या एका डिझाइन मास्तरांकडे गेले. तरुणपणी त्यांनी कापड गिरणीत काम केले होते. सोलापुरात 1877 साली जुनी मिल सुरू झाली आणि मग एकामागून एक गिरण्या उभ्या राहिल्या. पुढे त्या बंद पडल्या तरी गिरणीत शिकलेली माणसे आणि तेलंगणातून येथे येऊन स्थायिक झालेली पद्मशाली विणकर कुटुंबे यांनी हा धंदा यंत्रमागांवर चालू ठेवला. मास्तर त्यांपैकीच एक. घरी तेलुगू आणि बाहेर मराठी बोलणारे. मुलींना त्यांच्या भाषेतल्या रीतीप्रमाणे ते 'अम्मा' म्हणत. खोलीत उत्तरेकडच्या खिडकीखाली एक उतरते टेबल, त्यावर खिळवलेला ग्राफ, एक भिंग आणि जेमतेम चार-सहा केस उरलेला कुंचला. नवा कुंचला आणला की ते ब्लेडने त्याचे केस कमी करत.

मी नळीतून कागद काढून पसरला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला, हाताची चारही बोटे कागदावरून फिरवली आणि विचारले, "अम्मा, हे कशावर विणायचे?"

"मागावर," मी म्हणाले.

"ते झाले. कोणत्या मागावर? जेकार्ड किती हुकांचे? फणी किती नंबरची? सूत कुठले?"

तीन वर्षे शिकलेल्या मला यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही.

जेकार्डची रचना ज्यांनी पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. फणी म्हणजे ताण्याचे धागे ठराविक अंतरावर ठेवणारा मागाचा भाग. साध्या मागावर ताण्याचे धागे ठराविक गटांनी वर-खाली होतात, त्यामुळे रेघा-चौकडी विणता येतात, पण मोर किंवा कमळ विणता येत नाही. फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या जोसेफ मारी जाकार यांनी 1804 च्या सुमारास जे यंत्र पुढे आणले, तेच जेकार्ड. त्यात ताण्याचे धागे उचलणाऱ्या प्रत्येक हुकाला स्वतंत्रपणे उचलण्याची सोय झाली. मागाच्या वर पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ फिरते. पत्त्याला जिथे भोक आहे तिथला हूक उचलला जातो, जिथे भोक नाही तिथला खालीच राहतो. एक पत्ता म्हणजे बाण्याची एक ओळ. डिझाइन मास्तर ग्राफवर जे घर रंगवतो, तेच पुढे पंचिंगवाल्याकडे पत्त्यावरचे भोक होते आणि तेच शेवटी कापडावरचा एक ठिपका होते. हूक 400 असतील तर नक्षी 400 धाग्यांतच पूर्ण झाली पाहिजे, आणि तीच पुढे कापडाच्या रुंदीभर पुन्हा पुन्हा येत राहते. म्हणजे मास्तरांनी विचारलेला पहिला प्रश्न हा माझ्या चित्राच्या चौकटीचाच प्रश्न होता. चौकट ठाऊक नसताना मी चित्र काढले होते.

मग त्यांनी एका पाकळीवर बोट ठेवले. तिथे एका ओळीत 25 घरे सलग लाल होती. "इथे लाल धागा 25 ताण्यांवरून कुठेही न बांधता जातो. अर्ध्या इंचाहून लांब. एखादी बाई हे अंथरून झोपली, की तिचे जोडवे यात अडकणार. धागा ओढला जाणार. सकाळी तुझे कमळ गोळा झालेले असणार." एवढे बोलून त्यांनी पांढऱ्या रंगात कुंचला बुडवला आणि माझी परवानगी घेऊन त्या पाकळीत तिरक्या ओळीने एक-एक घर पांढरे करत गेले. सात-आठ घरांनंतर धागा एकदा खाली जाऊन बांधला जाईल, अशा हिशेबाने ते ठिपके पडत होते. पाकळी पुरी झाली तेव्हा तिला शिरा आल्यासारख्या दिसू लागल्या. मी काढलेल्या सपाट, गुळगुळीत पाकळीपेक्षा ती कितीतरी जिवंत होती. धागा सुटू नये म्हणून केलेली तजवीज आणि पाकळीचे सौंदर्य या दोन्ही गोष्टी त्याच ठिपक्यांतून आल्या होत्या. ती दुपार मी विसरणे शक्य नाही.

उरलेल्या पंधरा पाकळ्या मी चार दिवस त्यांच्याकडे बसून दुरुस्त केल्या. पत्ते तयार झाले. ओळखीच्या एका कारखानदाराने बीम (ताणा गुंडाळलेला रूळ) संपत आलेल्या एका मागावर तासभर वेळ दिला. आवाजात बोलणे अशक्य होते, म्हणून मी आणि मास्तर नुसते उभे राहून पाहत होतो. कापड खालून वर, ओळीवर ओळ चढत तयार होते, त्यामुळे आधी वर्तुळाची खालची कमान आली, मग तिच्या बाजू रुंदावत गेल्या. वर्तुळ सर्वांत रुंद झाले त्या ठिकाणी मी मनाशी म्हणाले, की आता निम्मे झाले, एवढेच वर जायचे आहे. पण खालचा भागच रुंदीच्या मानाने जास्त उंच झालेला दिसत होता आणि वरचाही तसाच चढत गेला. माग थांबल्यावर मास्तरांनी खिशातून स्टीलची पट्टी काढून कापडावर ठेवली. आडवे तीन इंच, उभे चार इंच. माझे वर्तुळ अंडे झाले होते.

कारण साधे होते. त्या कापडात इंचाला 40 ताणे आणि 30 बाणे बसत होते. मी वर्तुळ सरळ चौरस घरांच्या ग्राफवर काढले होते, आडवी 120 घरे आणि उभी 120 घरे. आडव्या 120 धाग्यांना तीन इंच लागले आणि उभ्या 120 ओळींना चार. ज्या कापडात ताणा आणि बाणा यांची दाटी वेगवेगळी असते, त्या कापडासाठी ग्राफही त्याच प्रमाणाचा घ्यावा लागतो. येथे घराची रुंदी तीन असेल तर उंची चार हवी होती. अशा ग्राफवर कंपास फिरवला असता तर वर्तुळात आडवी 120 आणि उभी 90 घरे आली असती आणि कापडावर ते बिनचूक गोल उतरले असते. तीन वर्षांत माझ्या हाताखालून शेकडो नक्ष्या गेल्या होत्या, त्या सगळ्या चौरस घरांच्या ग्राफवर होत्या आणि कोणत्याही शिक्षकाने त्याबद्दल एक शब्दही काढला नव्हता, कारण त्या कधी विणल्या जाणारच नव्हत्या.

"तुम्हाला हे आधीच दिसले नव्हते का?" मी बाहेर आल्यावर विचारले.

"दिसले होते. सांगितले असते तर तू वहीत लिहून घेतले असतेस," मास्तर म्हणाले. "पत्त्यांचे पैसे मी घेणार नाही."

त्या सुट्टीत मी आणखी महिनाभर त्यांच्याकडे जात राहिले. एकदा त्यांनी घरातली जेकार्डची सोलापुरी चादर आणून पसरली आणि तिचा एक कोपरा उलटा केला. एका बाजूने निळ्यावर पांढरा मोर, दुसऱ्या बाजूने पांढऱ्यावर निळा मोर. लहानपणापासून अंगावर घेतलेल्या चादरीकडे मी तशा नजरेने कधी पाहिलेच नव्हते. त्या विणीत कापडाचे दोन पदर एकाच वेळी विणले जातात आणि नक्षीच्या कडेवर ते आपली जागा बदलतात. वरचा पदर खाली जातो, खालचा वर येतो. पदर जिथे जागा बदलतात तिथेच ते एकमेकांना धरून राहतात. म्हणून मोठी जागा एकाच रंगाची मोकळी सोडली, तर तिथे दोन पदर सुटे राहून पिशवीसारखे फुगतात. चादरीच्या मोकळ्या जागेत ठिपके आणि बुट्ट्या का पेरलेल्या असतात, हे मला त्या दिवशी समजले. फाउंडेशनच्या वर्षी काळ्या कागदाच्या आकारांवरून जे शिकवले गेले होते, की आकाराभोवतीच्या जागेलाही आकाराइतकाच मान द्यावा, ते येथे अक्षरशः विणलेले होते. चादर उलटली की पार्श्वभूमी हीच आकृती होते, त्यामुळे दोन्ही बाजूंना डोळ्यांना पटेल असेच चित्र काढावे लागते.

यावरून कोणी असे म्हणेल, की मग महाविद्यालयात जायचेच कशाला, मास्तरांकडेच शिकावे. मला ते मान्य नाही, आणि माझ्या मते मास्तरांनाही ते मान्य नव्हते. कोणतेही चित्र त्यांच्यापुढे ठेवा, ते ग्राफवर उतरवून देत. पण व्यापारी जे मागेल तेच वर्षानुवर्षे काढत आल्यामुळे तेच मोर, तीच फुले आणि तेच चौकोन यांच्या पलीकडे त्यांचा हात गेला नव्हता, आणि त्याची खंत त्यांनी माझ्याजवळ बोलून दाखवली होती. माझी निसर्गाभ्यासाची वही त्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिली. त्यात चिंचेच्या डहाळीचे एक रेखाटन होते. महाविद्यालयाच्या आवारात उन्हात बसून, एकेक बारीक पान मोजून मी ते काढलेले होते. ते पान त्यांनी मागून घेतले. चिंचेची पाने मुळातच लहान आणि जोडीजोडीने ओळीत असतात, घरांच्या कागदावर ती किती सहज बसतील हे त्यांनी एका नजरेत ओळखले. आठ दिवसांनी त्यांनी टॉवेलची एक किनार काढून दाखवली, तिच्यात ती डहाळी होती. तशी किनार मी सोलापूरच्या टॉवेलवर त्याआधी पाहिली नव्हती. डहाळीसमोर बसून ती पाहण्याची शिस्त मला महाविद्यालयाने दिली होती आणि ती धाग्यात उतरवण्याची विद्या मास्तरांकडे होती. दोन्ही एका टेबलावर यायला माझी सुट्टी निमित्त झाली. अशी भेट निमित्तावर सोडून देऊ नये, ती अभ्यासक्रमातच असावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

आपल्याकडचे कलाशिक्षण सुरुवातीला कारागिरीपासून इतके लांब नव्हते. मुंबईची सर ज. जी. कला शाळा 1857 साली सुरू झाली, तेव्हा देशी कारागिरीला शिक्षणाची जोड देणे हा तिच्यामागचा एक हेतू होता. 2023 साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, तेव्हा कलेच्या शिक्षणाला विद्यापीठात स्वतःचे स्थान लाभले म्हणून मला मनापासून आनंद झाला. डिझाइनच्या शिक्षणाची आणखी एक मोठी संस्था 1961 साली अहमदाबादला निघाली, तीही कापडाच्या शहरात. सोलापूरच्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, येथे माग आहेत, सूत रंगवणारे आहेत, पंचिंग करणारे आहेत. असे असताना वस्त्रांचे डिझाइन शिकणाऱ्या मुलाने सोलापूर सोडून जावे आणि परत येताना चौरस घरांचा ग्राफ घेऊन यावे, ही गोष्ट मला आजही सलते.

काळ बदलला तशी साधने बदलली. पुठ्ठ्याच्या पत्त्यांच्या जागी अनेक कारखान्यांत इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आले आहेत आणि ग्राफच्या जागी संगणकाचा पडदा. पण पडद्यावरचा प्रत्येक पिक्सेल म्हणजे मास्तरांचे तेच घर आहे. माझे विद्यार्थी पडद्यावर माउसने गोल काढतात, तो पडद्यावर गोल दिसतो आणि ताण्या-बाण्याची दाटी सॉफ्टवेअरमध्ये भरायची राहून गेली, की कापडावर तो अंड्यासारखा येतो. साधने इतकी बदलूनही चूक जशीच्या तशी राहिलेली आहे.

पालकांना आणखी एक शंका असते, ती पोटापाण्याची. तिचे उत्तर मी थोडक्यात देते, कारण त्यात लपवण्यासारखे काही नाही. घरगुती कापडाच्या कंपन्या, निर्यातदार, छपाईचे कारखाने, तयार कपड्यांचे उद्योग यांना डिझाइनर लागतात. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, आणि पहिली दोन-तीन वर्षे दुसऱ्याच्याच नक्षीचे रंग बदलून देण्यात जातात. ज्याला कापड कसे बनते हे कळते, त्याला कारखान्यात मान लवकर मिळतो, हे मी माझ्या बरोबरीच्या मुला-मुलींच्या बाबतीत पाहिले आहे. नुसता पोर्टफोलिओ चकचकीत असलेल्यांना तो मिळायला वेळ लागतो.

मी शिकवायला लागले तेव्हा पहिल्याच सत्रात छत्तीस चौकोनांचे फडके अभ्यासक्रमात घातले. सहा रंगांचे सूत, लाकडी चौकट, मोठी सुई. मागसुद्धा लागत नाही. दुसऱ्या सत्रात प्रत्येकाने वर्तुळ काढायचे आणि ते विणून आणायचे, एवढाच पाठ असतो. दाटीचा हिशेब मी आधी सांगत नाही. मास्तरांनी मला सांगितला नव्हता, म्हणून मीही सांगत नाही. विणून आल्यावर पट्टी मात्र विद्यार्थ्यालाच लावायला देते. मास्तर आता थकले आहेत, डोळ्यांना घरे दिसत नाहीत. पण वर्षातून एकदा मी मुलांना त्यांच्याकडे घेऊन जाते. ते चादरीचा कोपरा उलटून दाखवतात आणि मुले एकदम पुढे झुकतात.

या वर्षीच्या वर्गाला अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखानदाराने दोन माग द्यायचे कबूल केले आहे, रविवारी सकाळी दोन तास. त्यांनी एकच अट घातली आहे. सध्या त्या मागांवर मरून रंगाचा ताणा चढवलेला आहे आणि तो साधारण पंधरा दिवसांत संपेल. नंतर मोठ्या मागणीचा पांढरा ताणा चढणार आहे, त्यावर मुलांना हात लावता येणार नाही. म्हणून अकरा जणांचे काम सोमवारपर्यंत तयार हवे आहे. त्यांपैकी सात जणांनी मरून ताण्यावर हिरवा बाणा निवडला आहे. त्या दोन रंगांचे मिळून दहा पावलांवरून काय होते, हे त्यांच्या फडक्यात तिसऱ्या ओळीच्या पाचव्या चौकोनात आहे. उद्या मी ती फडकी वर्गातल्या भिंतीवर लावणार आहे आणि सगळ्यांना मागच्या दारापर्यंत जाऊन उभे राहायला सांगणार आहे.